रिकाम्या टाकीचा पाया

पाया म्हटलं की वजन पेलणं आलं. वाडा असो, बंगला असो की वीस मजली इमारत, सगळ्यांचा भार शेवटी पायावर येतो आणि पाया तो जमिनीच्या हवाली करतो. जमिनीखालच्या काँक्रीटच्या पाण्याच्या टाकीचा पाया त्याच घराण्यातला, पण वेगळ्या वळणाचा. वजन पेलणं हे त्याचं सोपं काम. टाकीला जमिनीत धरून ठेवणं हे अवघड काम, आणि टाकी रिकामी असते तेव्हा ते सगळ्यात अवघड होतं. टाकीत थेंबभरही पाणी नसेल अशा वेळेसाठी हा पाया रचलेला असतो. स्थापत्याच्या कामांत इतकी विचारी आणि इतकी अबोल रचना मला दुसरी ठाऊक नाही. भराव झाला की पाया कायमचा दिसेनासा होतो. त्याला दाद द्यायची तर ती ड्रॉइंग वाचूनच द्यावी लागते.

वाचायला मी मुद्दाम साधी टाकी घेतो. पुण्या-नाशकाच्या मध्यम आकाराच्या सोसायटीत पार्किंगच्या कडेला, लोखंडी झाकणाखाली असते तशी. आतून ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल. पाणी २.७ मीटरपर्यंत भरायचं, म्हणजे साधारण ६५ हजार लिटर. वरचे ३० सेंटिमीटर मोकळे. भिंती २५० मिलिमीटर जाडीच्या, वरचा स्लॅब १५० मिलिमीटरचा, तळाचा राफ्ट, म्हणजे तळभर पसरलेला स्लॅब, ४०० मिलिमीटरचा. वरचा स्लॅब जमिनीच्या पातळीला, त्यामुळे राफ्टची खालची बाजू जमिनीखाली ३.५५ मीटरवर. ड्रॉइंगवर हा सगळा ऐवज एका सेक्शनमध्ये मावतो. पहिल्या नजरेला एक चौकट दिसते, आणि तिच्या तळाशी राफ्ट दोन्ही बाजूंना भिंतींच्या बाहेर ७५० मिलिमीटर पुढे आलेला दिसतो. साइटवर याला ‘प्रोजेक्शन’ म्हणतात. ड्रॉइंगचा अर्थ या प्रोजेक्शनपाशी उलगडतो, पण तिथे पोचायच्या आधी दोन हिशेब मांडावे लागतात.

पहिला हिशेब भरलेल्या टाकीचा. तूर्त प्रोजेक्शन बाजूला ठेवू. भिंतींच्या बाहेरून टाकी ६.५ बाय ४.५ मीटर, म्हणजे २९.२५ चौरस मीटर. तेवढ्या जागेतून ३.५५ मीटर खोल माती काढली. घनमीटरला १.८ टन धरले तर ती १८७ टन भरते. आता टाकीचं काँक्रीट मोजू. राफ्ट, भिंती आणि स्लॅब मिळून सुमारे ३२ घनमीटर, घनमीटरला अडीच टन, म्हणजे ८० टन. त्यात ६५ टन पाणी. भरलेली टाकी एकूण १४५ टनांची. जमिनीवरून आपण १८७ टन उचलले आणि परत १४५ च ठेवले. खालच्या थराला टाकी बांधल्यामुळे उलट हलकंच वाटणार.

‘पाण्याचं वजन केवढं असतं, म्हणून पाया भक्कम हवा,’ असं आपण सहज बोलून जातो. या हिशेबापुढे ते टिकत नाही. पाणी मातीपेक्षा हलकं, आणि टाकी म्हणजे बहुतांशी पाणी. म्हणून चांगल्या, एकसारख्या थरावर बसलेली भूमिगत टाकी वजनाने खचण्याची भीती फारशी नसते. भीती असते ती थर एकसारखा नसण्याची. खड्ड्याचा अर्धा तळ कातळावर आणि अर्धा भरावावर आला, तर एक बाजू हलत नाही आणि दुसरी दबते. अशा वेळी जाणता कन्सल्टंट राफ्टची जाडी वाढवायच्या आधी तळ एकसारखा करून घेतो. मऊ भाग कठीण थरापर्यंत खोदून साध्या काँक्रीटने भरून काढतो. काळ्या मातीत तर थांबायचंच नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि प्रत्येक फेरीत राफ्टला खालून ढोसत राहते. ती काढून मुरमापर्यंत गेल्याशिवाय टाकीचा तळ धरायचा नसतो.

दुसरा हिशेब रिकाम्या टाकीचा, आणि खरं नाट्य त्यात आहे. पावसाळ्यात खड्ड्याच्या आजूबाजूची जमीन पाण्याने तुडुंब झाली, पाणी थेट जमिनीच्या पातळीला टेकलं, असं धरू. नेमक्या त्याच वेळी टाकी धुण्यासाठी उपसलेली आहे. आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजमध्ये मांडलेला नियम इथे जसाच्या तसा लागतो. टाकी जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला खालून वर बसतो. २९.२५ चौरस मीटर गुणिले ३.५५ मीटर, म्हणजे १०४ टन. आणि टाकीचं स्वतःचं वजन ८० टन. बादलीतल्या पाण्यावर रिकामी वाटी जशी वर येते, तशी ही ८० टनांची काँक्रीटची पेटी वर यायला बघणार.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट काढता येते, आणि ड्रॉइंग वाचणाऱ्याने ती काढावीच. ८० टनांना २९.२५ ने भागलं की २.७४ येतात. राफ्टच्या तळापासून पाणी २.७४ मीटर चढलं की टाकीचं वजन आणि पाण्याचा रेटा बरोबरीला येतात. म्हणजे बाहेरचं पाणी जमिनीखाली ८१ सेंटिमीटरपर्यंत आलं की प्रोजेक्शन नसलेल्या या टाकीचा तोल संपला. त्यासाठी पूर यावा लागत नाही. चार दिवसांची झड पुरते.

इथे दख्खनच्या भूगोलाची एक खोच आहे. बोअरचा अहवाल बहुतेक वेळा उन्हाळ्यात, खोदाईच्या आधी तयार होतो. त्यात लिहिलेलं असतं की ६ मीटरपर्यंत पाणी लागलं नाही. ते खरंच असतं. पण आपल्याकडे वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली बसाल्टचा कातळ. कातळात खड्डा खोदला की त्याच्या बाजू आणि तळ पाणी फारसं जिरू देत नाहीत. टाकी बांधून झाल्यावर भिंती आणि खड्डा यांच्यामधली फट सैल भरावाने भरली जाते. आवारातलं, पार्किंगमधलं, गच्चीच्या पायपांमधून उतरलेलं पावसाचं पाणी त्या सैल भरावात शिरतं आणि खाली वाट नसल्याने तिथेच साठतं. भूजलाची खरी पातळी १० मीटर खाली असली, तरी टाकीभोवती त्या खड्ड्याचं स्वतःचं वेगळं तळं तयार होतं. म्हणून अनुभवी कन्सल्टंट अहवालात पाणी नसलं तरी हिशेबात ते जमिनीच्या पातळीला धरतो. अहवाल मे महिन्याचा असतो आणि टाकीला जुलै काढायचा असतो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

आता त्या प्रोजेक्शनकडे वळू. रेटा १०४ टन, वजन ८०. आणि नुसती बरोबरी साधून भागत नाही. हिशेबात चूक, मातीत फरक, काँक्रीटमध्ये थोडी उणीव, हे सगळं पोटात घ्यायला वजन रेट्याच्या किमान १.२ पट ठेवायची रीत आहे. मग वजन आणायचं कुठून?

पहिला सुचणारा उपाय म्हणजे राफ्ट जाड करणं. तो करून पाहिला की त्यातली अडचण कळते. राफ्ट जितका जाड, तितका खड्डा खोल, आणि खड्डा जितका खोल, तितकं बाजूला सारलेलं पाणी जास्त. काँक्रीटचा प्रत्येक घनमीटर अडीच टन वजन देतो आणि त्यातलं एक टन लगेच पाण्याला परत करतो. आपल्या टाकीत केवळ जाडीवर १.२ गाठायचं ठरवलं, तर राफ्ट जवळजवळ १.६ मीटर जाड करावा लागतो. राफ्टमध्येच ४६ घनमीटर काँक्रीट जातं आणि खोदाई पावणेपाच मीटरवर पोचते. हा उपाय चुकीचा नाही, पण त्यात कल्पकता नाही. पाण्याशी त्याने ताकदीची झुंज मांडली आहे.

७५० मिलिमीटरचं प्रोजेक्शन ताकदीऐवजी जागेचा विचार करतं. राफ्ट चारही बाजूंनी बाहेर काढला की तो ८ बाय ६ मीटरचा होतो, ४८ चौरस मीटर. भिंतींच्या बाहेरच्या त्या पट्टीवर भरावाची माती उभी राहते, ३.१५ मीटर उंचीची. टाकी वर यायला निघाली तर तिला ही माती अंगावर घेऊन यावं लागेल. हिशेब करू. टाकी ८० टन, प्रोजेक्शनचं काँक्रीट १९ टन, त्यावरची माती १०६ टन, बेरीज २०५. पाणी आता ४८ चौरस मीटरच्या तळाला ढकलणार, तो रेटा १७०. दोनशे पाच भागिले एकशे सत्तर म्हणजे १.२. राफ्ट ४०० मिलिमीटरचाच राहिला, त्यातलं एकूण काँक्रीट १९ घनमीटर, आणि प्रोजेक्शनसाठी त्यातलं वाढीव फक्त साडेसात. साडेसात घनमीटर काँक्रीटने १०६ टन माती कामाला लावली.

या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट मला अजून पुढे वाटते. भिंतींच्या बाहेरून शटरिंग लावायला, गवंड्याला आणि फिटरला उभं राहायला, वॉटरप्रूफिंग करायला खड्डा भिंतीपासून पाऊण-एक मीटर मोठा खोदावाच लागतो. काम झालं की तो भरावाही लागतो. म्हणजे जास्तीची खोदाई होणारच होती, माती पडणारच होती. डिझाइनरने एवढंच केलं की त्या होणाऱ्या गोष्टीच्या खाली काँक्रीटचा पदर सरकवला. कवितेतला नेमका शब्द जसा आधीपासून तिथेच असावासा वाटतो, तसं हे प्रोजेक्शन वाचताना वाटतं. आणि भरावाची माती बाजूच्या जमिनीला घासत वर येताना जे घर्षण होईल, ते हिशेबात धरलेलंच नाही. ती पदरात राहिलेली शिल्लक.

अर्थात ही कल्पना भरावाच्या भरवशावर उभी आहे, आणि ड्रॉइंग तेही सांगतं. मुरमाचा भराव, २०० ते ३०० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस केलेला. साइटवर उरलेला राडारोडा, सिमेंटच्या पिशव्या आणि विटांचे तुकडे खड्ड्यात लोटून वरून माती पसरली, तर घनमीटरला १.८ टन कागदावरच राहतात. खोदून काढलेली काळी माती परत टाकली, तर ती पावसाळ्यात फुगून भिंतींना आत ढकलते. ड्रॉइंगवरची भरावाबद्दलची एक ओळ म्हणजे पायाचाच भाग आहे.

उपाय आणखीही आहेत. खाली चांगला कातळ असेल तर त्यात भोक पाडून, सळई ग्राउटने पक्की करून राफ्ट खाली बांधून ठेवता येतो. कंपाउंडची भिंत किंवा शेजारच्या इमारतीचं फुटिंग जवळ असल्याने प्रोजेक्शनला जागाच नसेल, तेव्हा हाच मार्ग. पोहण्याच्या तलावांच्या तळाला कधी झडप बसवतात. बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि भूजल आत येऊन दाब उतरतो. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ही सोय करायची नाही. बाहेरच्या पाण्यात शेजारच्या ड्रेनेजचं काय मिसळलं असेल, याचा भरवसा नसतो. टाकीचा पाया वजनाचं काम करतोच. पाण्याची शुद्धता राखणंही त्याच्याच माथी आहे.

आता त्याच सेक्शनमधल्या सळया वाचू. राफ्टमध्ये दोन जाळ्या दिसतात, एक तळाशी आणि एक वर. वरची जाळी खाली बसू नये म्हणून मधे ‘चेअर’ ठेवलेल्या असतात. साध्या घराच्या फुटिंगमध्ये बहुतेक वेळा एकच जाळी असते, खालची. इथे दोन का, याचं उत्तर टाकीच्या दोन अवस्थांत आहे. टाकी रिकामी आणि बाहेर पाणी काठोकाठ, तेव्हा राफ्टवर खालून चौरस मीटरला साडेतीन टनांचा दाब येतो. त्यातून राफ्टचं स्वतःचं एक टन वजा केलं तरी अडीच टन उरतात. भिंतींनी कडेला धरलेला राफ्ट मधोमध वर फुगायला बघतो आणि ताण वरच्या पृष्ठभागावर येतो. तिथे वरची जाळी हवी. भिंतींपाशी चित्र पालटतं. बाहेरची माती आणि पाणी मिळून भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला चार टनांच्या पुढे दाब देतात, भिंत आत झुकायला बघते, आणि ताण भिंतीच्या बाहेरच्या अंगाला व राफ्टच्या कडेला खालच्या अंगाला जातो. तिथे खालची जाळी लागते.

मग टाकीची चाचणी येते. भराव टाकण्याआधी टाकी पाण्याने भरून ठेवतात, म्हणजे गळती कुठे असेल तर बाहेरून दिसावी. त्या दिवसांत भिंतीला बाहेरून कुणाचाच आधार नसतो. आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं आणि ताण भिंतीच्या आतल्या अंगाला येतो. टाकीच्या आयुष्यात ही अवस्था एकदाच यायची, तरी तिच्यासाठी आतली सळई द्यावी लागते. भिंत आणि राफ्ट जिथे मिळतात त्या कोपऱ्यात म्हणूनच चारही दिशांच्या सळया एकमेकींत गुंफलेल्या दिसतात. फिटर त्या गर्दीला वैतागतो. पण तिथली एकही सळई शोभेची नसते. प्रत्येकीच्या मागे टाकीचा एखादा वेगळा दिवस आहे.

राफ्टच्या खाली आणखी दोन रेषा असतात. त्यांच्यावरून नजर सहज घसरते, पण रसिकाने थांबावं अशा त्या आहेत. एक पीसीसीची, म्हणजे साध्या काँक्रीटच्या थराची. भारतीय मानक आयएस ३३७० हे पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामांसाठी आहे. ते १९६५ मध्ये आलं आणि २००९ व २०२१ मध्ये सुधारलं गेलं. जमिनीवर टेकणाऱ्या तळाखाली किमान ७५ मिलिमीटरचा असा थर मानकात अपेक्षित आहे. त्याने खड्ड्याचा चिखल झाकला जातो, सळईचे कव्हर ब्लॉक सपाटीवर बसतात आणि काँक्रीटमधलं पाणी मातीत पळत नाही. दुसरी रेषा त्याच्याही वर, कागदाइतकी बारीक: पॉलिथिनचा थर. तो टाकण्याचं कारण मोठं देखणं आहे. नवं काँक्रीट सुकताना आणि थंड होताना आक्रसतं. राफ्ट पीसीसीला घट्ट चिकटला, तर आक्रसायला जागा मिळत नाही आणि तो आतून फाटतो. मधे घसरता पदर असला की राफ्ट बेतानं सरकतो आणि भेगा टळतात. जो पाया टाकीला जमिनीत घट्ट धरून ठेवायला बांधलाय, त्यालाच तळाशी थोडं सरकायची मोकळीक दिलेली आहे. उभ्या दिशेने तो टाकीला तसूभर हलू देणार नाही. आडव्या दिशेने मात्र काँक्रीटला श्वास घेऊ देतो.

भेगांबद्दलची या मानकाची भूमिकाही समजून घेण्याजोगी आहे. काँक्रीटला भेग पडणारच नाही, असा आव ते आणत नाही. भेगेची रुंदी ०.२ मिलिमीटरच्या आत ठेवा, असं सांगतं. एवढ्या बारीक भेगेत पाणी शिरलं, तरी काँक्रीटमधला चुना विरघळून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात तिथेच बसतो आणि भेग बरेचदा आपसूक बुजते. म्हणून जाड सळया लांब लांब टाकण्यापेक्षा बारीक सळया जवळ जवळ टाकलेल्या इथे दिसतात. एक मोठी भेग पडण्याऐवजी अनेक केसाएवढ्या भेगा पडाव्यात आणि त्या मिटाव्यात, असा त्यामागचा विचार. काँक्रीट किमान एम-३० प्रतीचं, पाण्याचं सिमेंटशी प्रमाण ०.४५ च्या आत. रेडीमिक्सच्या गाडीत साइटवर वरून पाणी सोडणाऱ्या माणसाने हा आकडा एकदा नीट वाचायला हवा.

राफ्ट आणि भिंत यांच्या सांध्यात वॉटर बारची, म्हणजे पाणी अडवणारी पीव्हीसी पट्टी दिसते. भिंतीचा पहिला १५० मिलिमीटरचा तुकडा राफ्टबरोबर एकाच वेळी ओतलेला असतो आणि पट्टी अर्धी त्यात, अर्धी वरच्या भिंतीत. सांधा थेट राफ्टच्या पातळीला ठेवला असता तर सगळ्यात जास्त दाबाची, सगळ्यात जास्त ताणाची आणि सगळ्यात गचाळ जागा एकच झाली असती. तो थोडा वर उचलल्याने तिथे व्हायब्रेटर नीट पोचतो, शटरिंगला बूड मिळतं आणि पाण्याला सरळ वाट मिळत नाही. वीतभरही नसलेल्या उंचीच्या या बदलात किती जणांचं काम सोपं झालंय, ते मोजून पाहावं.

आता ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातल्या टिपा. लोक त्या वाचत नाहीत, आणि तिथेच पायाची सर्वांत महत्त्वाची ओळ असते. तिचा आशय असा: राफ्ट, भिंती, वरचा स्लॅब आणि पूर्ण भराव होईपर्यंत खड्ड्यातला पाणी उपसणारा पंप बंद करायचा नाही, तो बंद पडला आणि पाणी चढू लागलं, तर टाकीत पाणी सोडायचं. ही टीप का, ते आपल्याच आकड्यांतून कळतं. राफ्ट आणि भिंती झाल्या, स्लॅब व्हायचा आहे आणि भराव नाही. प्रोजेक्शन आहे, पण त्याच्यावर मातीच नाही. टाकीच्या आयुष्यातला हा सर्वांत हलका काळ. अशात एका रात्री वळवाचा पाऊस झाला, पंपाची वीज गेली, तर सकाळी टाकी आपल्या जागेवरून सरकलेली किंवा एका कडेला उचललेली सापडू शकते. ती परत खाली बसवता येत नाही, कारण तिच्याखाली तोवर चिखल शिरलेला असतो. अशा वेळी टाकीत पाणी सोडणं हा शहाणपणा. ज्या पाण्याने टाकी तरंगते, तेच आत घेतलं की ती खाली बसते. डिझाइनरने बाहेरच्या पाण्याविरुद्ध आतल्या पाण्याची साथ घेतली, आणि हे सगळं एका टिपेत सांगून टाकलं.

रिकामी टाकी दाबून धरण्याचा हा विचार भव्य रूपात पाहायचा असेल तर जपानला जावं लागतं. टोकियोच्या उत्तरेला साइतामा प्रांतात कासुकाबे इथे जमिनीखाली पुराचं पाणी वळवण्याची व्यवस्था आहे. काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि २००६ मध्ये पूर्ण झालं. नाकागावा, कुरामात्सु अशा छोट्या नद्यांचं वाढलेलं पाणी खोल विहिरींत घेतात. साधारण ५० मीटर खोलीवरच्या ६.३ किलोमीटर लांब बोगद्यातून ते एका प्रचंड टाकीत येतं, आणि तिथून पंपांनी एदो नदीत सोडलं जातं. ती टाकी १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद, १८ मीटर उंच. आत ५९ खांब, एकेक सुमारे ५०० टनांचा. छायाचित्रांत त्या जागेला मंदिराची भव्यता येते ती या खांबांमुळे, आणि पाहणाऱ्याला साहजिकच वाटतं की ते छत पेलण्यासाठी आहेत. ते छत पेलतातच. पण त्यांना इतकं अवजड केलं ते रिकामी टाकी भूजलाच्या रेट्याने वर येऊ नये म्हणून. भागाकार करून पाहा: ५९ खांबांचं वजन टाकीच्या तळावर पसरलं तर चौरस मीटरला दोन टनांहून थोडं जास्त भरतं, म्हणजे दोन मीटरहून जास्त पाण्याचा रेटा केवळ खांबांनी झेलला. बाकीचा भार तळ, भिंती आणि छत वाहतात.

सह्याद्रीच्या गडांवर खांबटाकी पाहिलेल्या आपल्या माणसाला हा फरक चटकन कळेल. कातळात कोरलेल्या टाक्यात खांब मागे ठेवले ते वरचा कातळ खाली येऊ नये म्हणून; त्या टाक्याला तरंगण्याची चिंता नव्हती, कारण ते डोंगराचाच भाग होतं. कासुकाबेचे खांब वरचं छत सांभाळतात आणि तळाला दाबूनही धरतात. एकाच आकाराच्या खांबाकडून दोन उलट दिशांची कामं करून घेणं ही या रचनेची प्रतिभा. मुंबईत हिंदमाता परिसरात साचणारं पाणी घेण्यासाठी महानगरपालिकेने दादर-परळ भागात मैदानांखाली साठवण टाक्या बांधल्या. त्यांचीही जात हीच. पुढच्या मुसळधार पावसाला जागा असावी म्हणून त्या रिकाम्या ठेवाव्या लागतात, आणि त्या सर्वांत जास्त रिकाम्या हव्यात नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा मुंबईची जमीन पाण्याने फुगलेली असते. आपल्या सोसायटीच्या टाकीला जो दिवस क्वचित येतो, तो या टाक्यांचा रोजचा.

एवढं वाचल्यावर निवाडा द्यायला हरकत नाही. भूमिगत टाकीचा चांगला पाया जाडीवरून ओळखायचा नसतो. त्याची ओळख तीन गोष्टींत आहे: बाहेरचं पाणी कुठपर्यंत चढेल याचा त्याने निराशावादी अंदाज धरलाय का, आजूबाजूच्या मातीला कामाला लावलंय का, आणि बांधकामातल्या सर्वांत हलक्या दिवसाची आठवण टिपेत ठेवलीय का. या तिन्हींना होकार असेल तर ते ड्रॉइंग उत्तम, मग टाकी ६५ हजार लिटरची असो वा कासुकाबेची. यांपैकी एक जरी नसेल, तर कितीही स्टील घातलं तरी ते ड्रॉइंग अपुरं.

म्हणून सोसायटीत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. आपल्या टाकीचं आरसीसी ड्रॉइंग बिल्डरकडून मागून घ्या आणि सोसायटीच्या कागदपत्रांत जपून ठेवा. त्यात भिंतींच्या बाहेर प्रोजेक्शन आहे का आणि हिशेबात पाण्याची पातळी कुठे धरली आहे, हे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून घ्या. त्याचं उत्तर मिळेपर्यंत टाकी पूर्ण उपसून धुण्याचं काम एप्रिल-मेमध्ये करा. जुलै-ऑगस्टमध्ये करावंच लागलं तर टाकी फार काळ रिकामी ठेवू नका. आणि टाकीच्या कडेची माती कुणी बागेसाठी किंवा केबलसाठी खोदून नेत असेल, तर त्याला थांबवा. ती माती तुमच्या टाकीच्या पायाचा भाग आहे.